सूरवाल्याच्या घरचा पियानो

"सी शार्प!" बंद दाराआडून भुणीचा ठणठणीत आवाज आला आणि बाहेर बाकावर बसलेला तिचा बाप दचकून सरळ झाला.

कारण आत वाजला होता तो साधा सी. पियानोच्या मधोमध बसलेली पांढरी पट्टी. जगातली झाडून सगळी पोरं तिथूनच शिकायला सुरुवात करतात. घाबरली असेल, त्याने स्वतःची समजूत घातली. अकरा वर्षांची पोर, अनोळखी खोली, भिंतीकडे तोंड करून उभी केलेली आणि पाठीमागे परीक्षक बाई एकेक पट्टी दाबून विचारताहेत, हा कुठला स्वर. भल्याभल्यांची गाळण उडते.

आत ई वाजला. "एफ," भुणी म्हणाली.

मग ए वाजला. "बी फ्लॅट."

बी वाजला. "सी!" आणि हे तर इतक्या खुशीत, की जणू जुनी मैत्रीण भेटली.

बापाने रुमाल काढला आणि मानेवरचा घाम पुसला. चुकायचं तर माणूस इकडेतिकडे चुकतो. कधी वर, कधी खाली, मधूनच एखादं उत्तर नशिबाने बरोबरही येतं. ही पोरगी मात्र शिस्तीत चुकत होती. प्रत्येक वेळी नेमकी एक पट्टी वर. पाचव्या उत्तराला त्याच्या डोक्यात लख्ख उजेड पडला. पोरगी चुकत नव्हती. चुकला होता तो स्वतः, आणि तोही आज नाही, सहा वर्षांपूर्वी.

त्याला सगळे सूरवाला म्हणत. गेली सव्वीस वर्षं तो पियानो सुरात लावण्याचं काम करत होता. शाळांचे, हॉटेलांचे, सभागृहांचे आणि ज्यांच्या घरी पियानोवर फुलदाणी ठेवतात अशा चार-दोन बड्या घरांचे पियानो. त्याचं खरं नाव पोस्टमनलासुद्धा ठाऊक नव्हतं. पिशवीत तार ताणायची किल्ली, नादकाटा आणि लोकरीच्या पट्ट्या घेऊन तो दारात उभा राहिला की, "या सूरवाले," म्हणून लोक बाजूला होत. या संगीत विद्यालयाचे सातही पियानो त्याच्याच हातचे. आत ज्याच्यावर परीक्षा चालली होती तो तर त्याने कालच दुपारी लावला होता. उद्या इथे आपली लेक बसणार, म्हणून एरवी दोन तासांत उरकायचं काम त्याने चार तास घोळवलं होतं. सबंध शहरात त्या क्षणी त्याच्याइतका अचूक लागलेला पियानो नसेल.

आणि घरच्या पियानोची तऱ्हा अशी होती.

एक शाळा बंद पडली तेव्हा तिच्या गळक्या अडगळीच्या खोलीत तो सापडला. सरपणात जायचा होता. सूरवाल्याने चार हमाल लावून तो तिसऱ्या मजल्यावर चढवला. जिन्याच्या वळणावर तो दोन तास अडकून पडला आणि वरचे वर, खालचे खाली राहिले. घरात आल्यावर त्याने अर्धी खोली गिळली. इस्पितळाच्या धुलाईखान्यातून दमून आलेली बायको दारातच थबकली. "छान! आता आपण बसायचं कुठे? ह्याच्यावर?" एवढंच ती म्हणाली.

दुसऱ्या दिवशी तो किल्ली घेऊन बसला. तारा गंजलेल्या. योग्य उंचीवर आणायला ताण देताच तासाभरात तीन तुटल्या, त्यातली एक त्याच्या हातावर सपकन ओळ उमटवून गेली. खुंट्या धरणाऱ्या फळीनेही करकर सुरू केली. तेव्हा त्याने एक युक्ती केली, जी या धंद्यातले लोक म्हाताऱ्या पियानोवर करतात. सगळ्याच तारा थोड्या सैल सोडल्या आणि सगळा पियानो अर्धा स्वर खाली लावला. म्हणजे सी दाबला की खरं तर त्याच्या डावीकडच्या बीचा आवाज यायचा, आणि असंच पुढे पंच्याऐंशीच्या पंच्याऐंशी पट्ट्यांचं. एकमेकांशी सगळे सूर इमानाने जुळलेले. ऐकणाऱ्याला काही म्हणता काही कळलं नसतं.

त्याने कुणाला सांगितलं नाही. सांगणार काय? वर्षानुवर्षं दुसऱ्यांचे पियानो रेषेवर आणणाऱ्या माणसाच्या घरचाच पियानो खाली उतरलेला! लोकांनी तोंडावर हसू दाबलं असतं आणि पाठ फिरताच सोडलं असतं. त्याला स्वतःला अडचण नव्हती. त्याचे कामावरचे कान वेगळे आणि घरचे वेगळे. घरी आला की चपला काढाव्या तसे तो कान बदलायचा.

पण लेक त्या पियानोखाली बसून वाढली. पाच वर्षांची असताना तिने एकदा स्वयंपाकघराचं दार पुढेमागे केलं आणि जाहीर केलं, "बाबा, दार एफमध्ये कुरकुरतंय." त्यानंतर घरात एकही वस्तू सुटली नाही. किटली, नळ, शेजारच्यांचं भांडण, सगळ्यांना ती स्वर नेमून देऊ लागली. दिवसभर काहीतरी गुणगुणत असायची म्हणून आईने तिचं नाव भुणभुण ठेवलं, त्याची झाली भुणी.

तिला शिकवायला आठवड्यातून दोनदा पियानोआजी यायच्या. आजी नात्याच्या नव्हेत. एका शाळेतून निवृत्त झालेल्या शिक्षिका, सूरवाल्याच्या जुन्या ओळखीच्या. त्यांची शिकवण्याची पद्धत म्हणजे पोराची परीक्षाच. पहिले सहा महिने नुसता डावा हात. "डावा हात गाढव असतो बाई, त्याला आधी वळण लावायचं. उजवा हुशार आहे, तो येईल मागून." हाताच्या पाठीवर खोडरबर ठेवायच्या. तो पडला की ओळ पहिल्यापासून. भुणी रडायची, रुसायची, एकदा तर तिने खोडरबर चावून त्याचे दोन तुकडे केले. आजींनी शांतपणे दोन्ही तुकडे ठेवले, एकेका हातावर एक. "बरं केलंस, आता दोन्ही हातांची सोय झाली." अशी सहा वर्षं. आजींचे कान चार माणसांचे असतात तसे होते. स्वर एकमेकांशी जुळले की त्यांचं काम भागायचं. एकटाच वाजलेला स्वर कुठला हे सांगणारे कान लाखात एखाद्याला असतात. सूरवाल्याला ते वर्षांच्या सरावाने जमायचं, भुणीला जन्मतःच.

तोंड उघडायला हवं होतं अशी वेळ मधे आली होती, नाही असं नाही. दोन वर्षांपूर्वी रेडिओवर भुणीला येणारीच एक रचना लागली. ती नाक मुरडून म्हणाली, "बाबा, हे लोक उगाच वर चढवून वाजवतात."

"रेडिओवाले असतातच तसे," सूरवाला म्हणाला आणि आवाज बारीक केला.

सांगू उद्या, म्हणून तो उद्या दोन वर्षं पुढे गेला. विद्यालयाच्या प्रवेशाची वेळ आली तेव्हाही त्याला वाटलं, बोटं तीच, पट्ट्या त्याच, वाजवेल पोरगी. पुढे इथल्या पियानोवर हात बसला की कान आपोआप बसतील. पाठमोरं उभं करून स्वर ओळखायला लावण्याची चाचणी याच वर्षी नवी निघाली होती. आणि प्रवेशाचं वय अकरा. पुढल्या वर्षी भुणी बारा वर्षांची होणार होती, म्हणजे ही एकच खेप.

दार उघडलं आणि भुणी जवळजवळ उडतच बाहेर आली.

"बाबा, बाराच्या बारा! एकपण अडला नाही! इतकं सोप्पं असतं होय?"

"मॅडम काय म्हणाल्या?"

"काहीच नाही. नुसतं लिहीत होत्या. आपण डबा खाऊ या? मला सपाटून भूक लागलीय."

टेबलामागचा कारकून कागदावरून डोकं न उचलता म्हणाला, "अर्ध्या तासात यादी लागेल. ज्यांचं नाव असेल त्यांनीच वाजवायला थांबायचं. बाकीच्यांनी घरी."

भुणीने डबा उघडला, पावाचा तुकडा तोंडात कोंबला आणि पाय हलवत खाऊ लागली. सूरवाल्यासमोर दोन वाटा होत्या, आणि एक फारच सोपी होती. गप्प बसायचं. अर्ध्या तासाने यादी लागेल, भुणीचं नाव नसेल, ती रडेल, तो तिला जवळ घेईल आणि म्हणेल, नशीब बेटा. कुणाला कधी काही कळणार नाही. त्याच्या सव्वीस वर्षांच्या नावाला धक्का लागणार नाही. फक्त पोरगी जन्मभर समजत राहील की आपले कान कच्चे आहेत. तिच्या गालावर पावाचा चुरा लागला होता. तो पुसायला त्याने हात पुढे केला आणि तोंडातून शब्द निघून गेले.

"भुणे, बाराच्या बारा चुकले गं."

ती हसली. "काहीतरीच!"

"खरंच. मी ऐकत होतो."

तिने त्याच्या चेहऱ्याकडे निरखून पाहिलं आणि चावायची थांबली. बापाला चेष्टा करता येत नाही हे तिला माहीत होतं. मग तिच्या कपाळावर आठ्या आल्या. "मग त्यांचा पियानोच चढलाय. अर्धा स्वर वर! कुणी लावलाय हो तो? त्याला काही कळतं तरी का?"

"मी लावलाय. काल दुपारी."

भुणीचं तोंड उघडं राहिलं. मग ती हळूच म्हणाली, "तुम्ही लावलाय म्हणजे बरोबरच असणार."

तिने चार शिव्या दिल्या असत्या तर त्याला सोसलं असतं. या एका वाक्याने त्याचे डोळे भरून आले.

"हा बरोबर आहे. आपला घरचा चूक आहे," तो म्हणाला. "तारा जुन्या होत्या, ताण देताच तुटायला लागल्या. म्हणून मी सगळा खाली लावला."

"कधी?"

"आणला तेव्हाच."

"तुम्हाला माहीत होतं?"

"हो."

"आणि रेडिओ?"

"रेडिओ बरोबर होता."

तिने डब्याचं झाकण लावलं. नीट बसलं नाही म्हणून काढून पुन्हा लावलं. "म्हणजे आपलं दार एफमध्ये कुरकुरत नाही?"

"ईमध्ये कुरकुरतं."

आत्तापर्यंत तिने धीर धरला होता. दाराचं ऐकल्यावर मात्र ती हमसून रडायला लागली. सूरवाल्याने तिला थोपटायचा प्रयत्न केला तर तिने त्याचा हात झटकून टाकला. बरोबरच होतं तिचं. तो उठला, कारकून "अहो, अहो, तिथे जायचं नाही," म्हणतोय तोवर दार ढकलून आत गेला.

मुख्य परीक्षक मॅडम एकट्याच चहा पीत होत्या. बारीक कापलेले पांढरे केस, आणि बोलणं असं की समोरच्याने आपोआप ताठ बसावं.

"काय हो सूरवाले? पियानोचं काही राहिलं का?"

"पियानोचं नाही मॅडम. माझं राहिलं." आणि उभ्याउभ्या, शर्टाच्या बटणाशी चाळा करत त्याने सगळं सांगून टाकलं. जिना, तारा, फळी, रेडिओ, काही वगळलं नाही. पोरीची बाजू मांडायला आलो असं वाटू नये म्हणून शेवटी म्हणाला, "तिचं काही मागत नाही मी. चूक कुणाची ते तुम्हाला ठाऊक असावं, एवढंच."

मॅडमनी कप खाली ठेवला, कागद ओढला आणि उत्तरांवरून बोट फिरवत खाली आल्या. खाली पोचल्यावर पुन्हा वर गेल्या.

"मी म्हणत होतेच. ठोकून देणारी पोरंसुद्धा बारातली दोन बरोबर सांगतात. हिचं एकही नाही." त्यांनी चष्म्यावरून पाहिलं. "सूरवाल्याच्या घरचा पियानो?"

"हो."

"अर्धा स्वर खाली?"

"हो मॅडम."

"धन्य आहात!" त्या म्हणाल्या. हसल्या की रागावल्या, ते कळलं नाही. "हे बघा, हिला कान आहेत, हे मला पटलं. पण ज्याचे कान इतके पक्के, त्याला दुसऱ्या पियानोवर बसवलं की त्याची दैना होते. बोटं एक दाबतात, ऐकू दुसरंच येतं. पुष्कळ पोरं तिथेच हात टेकतात. बोलवा तिला. आत्ता वाजवू दे. तुम्ही दाराशी उभे राहा, आणि तोंडातून अक्षर काढायचं नाही."

भुणी आली. डोळे लाल, नाक लाल. स्टूल वरखाली करून ती बसली, मनगटं आजींनी शिकवली तशी सैल सोडली आणि सुरुवात केली. दोन पानांची, संथ नाचाच्या चालीची जुनी रचना. सहा स्वर झाले आणि ती थांबली. पुन्हा सुरुवात केली, पुन्हा तिथेच थांबली. तिसऱ्यांदा तर चौथ्या स्वरालाच हात मागे आला, विस्तवाला लागल्यासारखा.

"पाणी पिऊन येतेस?" मॅडम म्हणाल्या.

"नको."

तिने दाराकडे पाहिलं. सूरवाल्याच्या जिभेवर काय काय आलं, पण अक्षर काढायचं नव्हतं, आणि काढून तरी काय सांगणार होता? ती परत पियानोकडे वळली. दोन्ही हात मांडीवर ठेवून नुसती बघत बसली. मग तिने उजवा हात उचलला आणि सगळाच्या सगळा एक पट्टी डावीकडे नेला. एका बोटाने दोन-तीन स्वर दाबून पाहिले. चेहरा बदलला. आता तिच्या कानाला ओळखीचं ऐकू येत होतं, पण बोटांना काहीच ओळखीचं नव्हतं. जिथे ओळीत एखादी काळी पट्टी यायची तिथे आता एकामागून एक काळ्याच. डावा हात आला, अडखळला, गाढवासारखा अडून बसला. तिने त्याला पुन्हा आणलं.

"थांबा हं," ती मॅडमना म्हणाली, जणू परीक्षा तीच घेत होती. आणि पहिल्यापासून वाजवायला लागली.

हळू वाजवलं, इतकं हळू की त्या चालीवर नाचणारे दमून बसले असते. दोन ठिकाणी चुकली, मागे गेली, बोटं बदलली, पुढे निघाली. पण सूरवाल्याने घरात हजारदा ऐकलेली ती रचना, अगदी घरच्याच उंचीवर, त्याने काल लावलेल्या पियानोतून बाहेर येऊ लागली. सव्वीस वर्षांत त्याने पियानोकडून काही मागितलं नव्हतं. आज तो मनातल्या मनात एकेका तारेला हात जोडत होता. दुसऱ्या पानावर तर भुणी विसरूनच गेली की आपण कुठे बसलोय. मॅडमची पेन्सिल कधीच थांबली होती.

"हे असं खाली उतरवून वाजवायला कुणी शिकवलं?" संपल्यावर त्यांनी विचारलं.

"कुणी नाही. आत्ताच शिकले."

"हं. आता कागदावर आहे तसं वाजव. कान काय म्हणतील ते म्हणू देत. तू ऐकायचं नाहीस."

भुणीने डोळे मिटले आणि लिहिल्या जागेवरून वाजवलं. कडू औषध प्यावं तसं तोंड वाकडं करत, एका ठिकाणी चक्क "शी!" म्हणत, पण न थांबता शेवटपर्यंत गेली. मॅडम खळखळून हसल्या. सूरवाला हसला नाही. तो दाराच्या चौकटीला धरून उभा होता.

"हे बघा सूरवाले," मॅडम त्याच्याकडे वळल्या, "घेतली मी हिला. पण एक अट आहे. हे कान सरळ व्हायला वर्ष लागेल, आणि त्या वर्षात हिने घरच्या पियानोला हात लावायचा नाही. एक बोटसुद्धा नाही. रोज शाळा सुटली की इथे यायचं, इथेच रियाज करायचा. कबूल?"

कबूल म्हणताना सूरवाल्याला बरंच काही एकदम दिसलं. भुणी आता घरी येणार ती थेट जेवायच्या वेळेला. तोवर खोलीत तो, बायको आणि अर्धी खोली अडवून गप्प बसलेला पियानो. आजींना काय सांगायचं तेही ठरवायला हवं होतं. पण पोरगी त्याच्याकडे टक लावून बघत होती.

"कबूल," तो म्हणाला.

कारकुनाने फॉर्म पुढे केला. सूरवाल्याने टेबलावर वाकून तो भरायला घेतला. मुलीचं नाव लिहिलं, वय लिहिलं, 'आधीचे शिक्षण' पुढे पियानोआजींचं पूर्ण नाव सुवाच्य अक्षरात लिहिलं आणि त्याखाली सहा वर्षे असं लिहिलं. पुढचा रकाना होता : 'घरी वाद्य आहे का?' तिथे त्याचं पेन थबकलं. हात लावायचा नसलेला पियानो असून नसल्यासारखाच. शिवाय हा कागद इथल्या कपाटात राहणार, शिक्षक वाचणार, उद्या चर्चा होणार. सगळं मॅडमना सांगून झालं होतं तरी ते कागदावर उमटवायला हात धजेना. त्याने 'नाही' असं लिहिलं.

भुणी त्याच्या कोपराशी उभी राहून वाचत होती. रडून झाल्यापासून ती त्याच्याशी एक शब्दही बोलली नव्हती. तिने त्याच्या बोटांतून पेन काढून घेतलं, 'नाही'वर आडवी रेघ मारली आणि टाचा उंचावून, शाळेतल्या गोल अक्षरात शेजारी लिहिलं : 'आहे. अर्धा स्वर खाली. बाबांनी लावलेला.'

कारकुनाने ते वाचलं. मग फॉर्मवर शिक्का मारला आणि पुढच्या मुलाचं नाव पुकारलं.